झाडू मारायला बावन्न हजार?

पत्र, थोडक्यात

लिहिणाऱ्या बाई ४३ वर्षांच्या आहेत. रबाळे एमआयडीसीत त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनल बनवण्याचा कारखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला. खाली वर्कशॉप, वर पोटमाळ्यावर ऑफिस. माणसं ३४, त्यातली २२ वर्कशॉपमध्ये. बायका सात. गेली अकरा वर्षं दिघ्याहून एक मावशी सकाळी दोन तास येतात, ऑफिस आणि दोन्ही टॉयलेट करून जातात. महिन्याला ७,००० रुपये, रोख, हजेरीपटावर नाव नाही. वर्कशॉप दर शनिवारी शेवटच्या दीड तासात सगळे मिळून झाडतात. एरवी रोज संध्याकाळी हेल्पर ब्लोअर, म्हणजे जोरात हवा सोडणारं यंत्र, मारतो.

गेल्या महिन्यात चाकणच्या एका मोठ्या ग्राहकाचे ऑडिटर येऊन गेले. टेस्टिंगला चांगले गुण दिले, पण ‘हाउसकीपिंग’समोर ‘असमाधानकारक’ लिहून ४५ दिवसांची मुदत दिली. बाईंनी दोन एजन्सींकडून कोटेशन मागवलं. एक म्हणते, दोन माणसं पूर्ण दिवस, सामान आणि मशिनसकट ४४,००० अधिक जीएसटी. दुसरी तेवढ्याच माणसांचे २४,००० सांगते. भाऊ म्हणतो, “झाडू मारायला बावन्न हजार? त्यात अक्कल काय लागते? ऑडिटच्या आदल्या दिवशी पोरांना लावू कामाला.” मागच्या पावसाळ्यात एक पॅनल साइटवरून परत आलं होतं, आत वायरचा तुकडा सापडला होता. भावाच्या मते तो योगायोग.

बाई विचारतात, “हा खर्च म्हणजे नुसता दिखावा तर नाही ना? आणि मावशी आमच्या घरच्यासारख्या आहेत. अकरा वर्षांच्या माणसाला काढायचं कोणत्या तोंडानं?”

उत्तर

नमस्कार ताई,

आधी भावाचा आकडा दुरुस्त करून घेऊ, म्हणजे भांडण तरी खऱ्या रकमेवर होईल. ४४,००० वर १८ टक्के जीएसटी होतो ७,९२०. पण तुम्ही स्वतः पॅनलवर जीएसटी लावून विकता, तेव्हा हे ७,९२० तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून, वळते होणार. एजन्सीने आपले रिटर्न वेळच्या वेळी भरले पाहिजेत, एवढंच बघायचं. म्हणजे प्रश्न बावन्न हजारांचा नाही, चव्वेचाळीसचा आहे.

आता दुसरी बाजू. तुम्ही दोघंही धरून चालला आहात की सफाईवर आज महिन्याला ७,००० जातात. शनिवारचा दीड तास कुठे गेला? बावीस माणसं गुणिले दीड, ३३ तास. महिन्याचे चार शनिवार धरले तर १३२ तास. वायरमन आणि हेल्पर मिळून सरासरी पगार २०,००० धरला आणि महिन्याचे २०८ तास, तर तासाला साधारण ९६ रुपये पडतात. म्हणजे साडेबारा हजारांच्या वर तुम्ही दर महिन्याला कुशल माणसांना झाडू मारायचे देताच आहात. मावशींचे मिळवले की वीस हजारांच्या आसपास. रोजचा ब्लोअरवाला हेल्पर मी यात धरलेलाही नाही.

हे सगळे तास वाचतील असं मात्र मी म्हणणार नाही. आपलं टेबल ज्याचं त्याने आवरायचं असतं, ते एजन्सीवर टाकायचं नाही. परत आलेलं ते पॅनलही सगळं धुळीच्या नावावर घालू नका, तपासणीतही कुठेतरी निसटलंच असणार. तरीही भावाला हे कागदावर दाखवा. तो हिशेबाचा माणूस दिसतो, भावनेला हात घातलात तर उठून जाईल.

अकलेचं काय ते सांगते. मी बेलापूरला एका कंपनीत सतरा वर्षं अ‍ॅडमिन सांभाळली. सुरुवातीची काही वर्षं माझंही मत तुमच्या भावासारखंच होतं. सगळ्यात स्वस्त एजन्सी मीच निवडली होती. बिलात तीन पोरं, हजर दोन. आणि त्या दोघांतलाही एक दर महिन्याला नवा. त्यातल्या एकाला एका सोमवारी सकाळी मी म्हटलं, “कमोडवर डाग दिसता कामा नये.” त्याने आधी टॉयलेट क्लीनर ओतला. डाग जाईना, म्हणून त्यावर ब्लीचिंगचं पाणी ओतलं. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. दार लावलेलं, खिडकी नाही, एक्झॉस्ट कधीचा बंद. पोरगा खोकत, डोळे चोळत बाहेर आला आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. डॉक्टरकडे नेलं, दोन दिवसांत बरा झाला. बाटलीवर सूचना होती, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्याला कोणीही काही शिकवलं नव्हतं, आणि शिकवायचं असतं हे मलाच ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून ‘झाडू मारायला काय लागतं’ हे वाक्य मी उच्चारलेलं नाही.

काय लागतं त्याची थोडी चव देते. जंतुनाशक लावून लगेच पुसलं तर त्याचा फार उपयोग नसतो. लेबलवर लिहिलेली पाच-दहा मिनिटं जागा ओली राहावी लागते, आणि त्याआधी मळ निघालेला असावा लागतो, नाहीतर औषध मळातच खर्ची पडतं. अ‍ॅसिडने फरशी चकचकीत होते, पण टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट आणि नळाचं क्रोम खाल्लं जातं. दोन वर्षांनी त्याच सांध्यांत काळं साचतं आणि आपण मावशींना बोल लावतो. या धंद्यातली माणसं ‘आर-वन, आर-टू, आर-थ्री’ अशी केमिकलची भाषा बोलतात. आर-वन बाथरूमसाठी, आर-टू फरशी आणि टेबलांसाठी, आर-थ्री काचेसाठी, आर-सिक्स कमोडसाठी. फडक्यांचे रंग वेगळे असतात. बाकीचे रंग जागेगणिक बदलतात, पण लाल बहुतेक ठिकाणी टॉयलेटचंच. का, तर टॉयलेटचं फडकं पॅन्ट्रीच्या ओट्यावर फिरू नये. तुमच्याकडे किती फडकी आहेत, ताई? एकच असेल आणि ते नळावर वाळत असेल, तर ऑडिटरने ते पाहिलं आहे असं समजा.

आणि फिनाईलच्या वासावर जाऊ नका. लहानपणापासून आपल्या नाकाला शिकवलंय की तो वास आला म्हणजे जागा स्वच्छ झाली. मावशी सकाळी एका बादलीत अख्खं ऑफिस पुसत असतील. उद्या फक्त एवढं करा. शेवटची खोली पुसून झाल्यावर बादलीत डोकावून पाहा. पाणी चहाच्या रंगाचं असेल. म्हणजे पहिल्या खोलीतली धूळ पाण्यात कालवून शेवटच्या खोलीत नेली, वर फिनाईल घालून. मॉप ट्रॉलीला दोन बादल्या असतात त्या यासाठीच. एक स्वच्छ पाण्याची, एक पिळायची.

आता वर्कशॉपकडे येऊ, कारण तुमचा पैसा तिथे अडकलाय. तुम्ही विकता ती कॅबिनेट आयपी ५४ ची असणार, म्हणजे धूळ-पाणी किती अडतं त्याचा दर्जा. त्यातला ५ हा आकडा धुळीचा, ४ हा उडणाऱ्या पाण्याचा. धूळ आत जाऊन काम बिघडू नये म्हणून गास्केट लावता, ग्लँड घट्ट करता, ग्राहकाला तसं लिहून देता. आणि ज्या जागेत ते पॅनल दार उघडं ठेवून चार-पाच दिवस उभं असतं, तिथे रोज संध्याकाळी हेल्पर ब्लोअर मारतो! ब्लोअर धूळ काढत नाही, तिची बदली करतो. टेबलावरची धूळ उडते आणि शेजारच्या उघड्या पॅनलच्या केबल डक्टमध्ये, कॉन्टॅक्टरच्या फटीत जाऊन बसते. ड्रिलचा कीस, वायर छिलताना पडलेली तांब्याची तार, अर्धवट कापलेला लग, सगळं उडतं. माती एकवेळ चालेल, तांबं आणि लोखंडाचा कीस चालत नाही. तो दोन टर्मिनलांच्या मध्ये पडला की शॉर्ट होतं, ते तुमच्या भावाला मी सांगायला नको. पावसाळ्यात हवा दमट, त्यात धुळीचा थर. परत आलेलं पॅनल पावसाळ्यातलंच होतं, नाही का?

ब्लोअर आजच बंद करा, याला एजन्सी लागत नाही. जमिनीसाठी आणि पॅनलच्या आतल्या भागासाठी व्हॅक्यूम, ओलं-कोरडं दोन्ही ओढणारं मिळतं. पॅनलच्या आत त्याचं तोंड प्लॅस्टिकचं असू द्या. दिवस संपताना उघड्या पॅनलवर प्लॅस्टिकचं आवरण. ड्रिलिंग होता होईल तेवढं वायरिंगच्या आधी आणि वेगळ्या कोपऱ्यात. कोरड्या झाडूलाही वर्कशॉपमध्ये सुट्टी.

ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल तुमच्याकडे येतो तो मुख्यतः पायांनी. दारात काथ्याचं एक चौकोनी पायपुसणं आहे असं मी गृहीत धरते, बहुतेक कारखान्यांत तेच असतं. लोक त्यावरून उडी मारून आत येतात. मॅट इतकी लांब हवी की आत येताना प्रत्येक पाय निदान दोनदा त्यावर पडलाच पाहिजे, आणि ती आठवड्यातून एकदा तरी धुतली पाहिजे. सगळ्या यादीत सगळ्यात स्वस्त गोष्ट हीच.

‘ऑडिटच्या आदल्या दिवशी पोरांना लावू’ याबद्दल. भाऊ ऑडिटरला पाहुणा समजतो, त्याच्यासमोर घर आवरायचं. ज्याने शे-दीडशे कारखाने पाहिलेत त्याला काल झाडलेली जागा ओळखू येते. तो जमिनीकडे बघतच नाही. केबल ट्रेच्या वरच्या अंगावरून बोट फिरवतो, मेन स्विचच्या मागे टॉर्च मारतो, स्क्रॅपच्या ढिगाखालची जमीन बघतो. जपानी कारखान्यांतल्या फाइव्ह-एसचं, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पाच पायऱ्यांचं, नाव भावाने ऐकलं असेल. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. सफाई, म्हणजे सेइसो, त्यात तिसरी येते. आधी नको ते काढणं, मग हवं ते जागेवर लावणं, मग पुसणं. आणि पुसणं म्हणजे तपासणं हाही त्याचाच भाग. तुमच्याकडे बसबार वाकवायचं हायड्रॉलिक मशिन असेल, तर त्याच्याखाली तेल टिपायला चिंध्या कोंबलेल्या आहेत का ते बघा. त्या चिंध्या आहेत म्हणूनच गळती केव्हापासून आहे हे कुणाला माहीत नाही. रोज मशिन पुसणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी कळलं असतं.

म्हणून एजन्सी येण्याआधी एक शनिवार भंगारावर घालवा. जुनी ड्रम, मोडकी रॅक, २०१४ सालच्या ऑर्डरची उरलेली कॅबिनेट, जे असेल ते. नाहीतर एजन्सीची पोरं त्या ढिगाच्या कडेकडेने वर्षभर मॉप फिरवतील आणि तुम्ही वर्षभर पैसे द्याल. मी पाहिलंय तसं.

एक जरा खाजगी प्रश्न. वर्कशॉपच्या बायकांच्या टॉयलेटमध्ये तुम्ही शेवटच्या कधी गेलात? ऑफिसशेजारचं वेगळं असणार, तुम्ही ते वापरत असणार. खालचं सकाळी नऊला एकदा धुतलं जातं आणि मग संध्याकाळपर्यंत कुणी बघत नाही. मावशी तर तेव्हा घरी असतात. दुपारनंतर तिथे काय परिस्थिती असते? कडी लागते का? झाकणाची कचरापेटी आहे का, की पॅड कागदात गुंडाळून पर्समध्ये घरी न्यावं लागतं? तसं असलं की बायका पाणी कमी पितात. उन्हाळ्यात डोकं दुखतं, लघवीची जळजळ होते, सुट्टी पडते, आणि हजेरीवहीत कारण लिहिलं जातं ‘तब्येत’. चांगल्या वायरिंगच्या मुली ऐरोली-महापेत कुठेही काम मिळवतात. सोडून जाताना खरं कारण त्या तुमच्या भावाला सांगणार नाहीत. तुम्हाला सांगतील, पण विचारलंत तर. सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार, अशी तीनदा सफाई झाली पाहिजे. सगळ्या कोटेशनमधला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही.

दारावर तक्ता लावतील, वेळ आणि सही. त्यावर विसंबू नका. संध्याकाळी पाचची सही सकाळी अकरालाच, त्याच पेनाने झालेली मी स्वतः पाहिली आहे. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, वेळ न सांगता, तुम्ही स्वतः आत जा.

चोवीस हजारवाल्यांवर फार शाई खर्च करत नाही. दोन माणसं म्हणजे माणशी बारा हजार. त्यातून सामान, मशिन, सुपरवायझर आणि एजन्सीचा नफा काढा. मालकाच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, ईएसआय म्हणजे कामगार विमा सव्वातीन टक्के, बोनस ८.३३ टक्के काढा. उरेल ते त्या मुलाच्या हातात. नवी मुंबईत पूर्ण दिवसाच्या किमान वेतनात हे बसणं शक्य नाही. कामगार खातं दर सहा महिन्यांनी किमान वेतनातला विशेष भत्ता बदलतं, चालू दर तुमच्या पीएफ सल्लागाराकडून एका फोनवर मिळेल. ठेकेदाराने पगार बुडवला की त्याची झळ मूळ मालकापर्यंत येते, आणि ऑडिटर आजकाल हे कागदही मागतात. चव्वेचाळीसवाल्यांकडूनही फोड मागा. वेतन किती, कायदेशीर देणी किती, सामान किती, त्यांचा सेवा आकार किती. कोणी रजेवर गेलं तर बदली कोण, हे लेखी हवं. दर महिन्याच्या बिलासोबत पीएफ-ईएसआयचं चलन हवं. आणि सर्व्हेला आलेला माणूस तुमच्या टॉयलेटमध्ये आणि छपराखालच्या केबल ट्रेपर्यंत गेला होता की केबिनमध्ये बसूनच त्याने चौरस फूट विचारले, तेवढं आठवून बघा. त्यावरून बरंच कळतं.

तुमच्याकडूनही एक वचन लागेल. ती माणसं आली की दुसऱ्या दिवसापासून त्यांना चहा आणायला, कुरिअर द्यायला, पॅनल ढकलायला धाडलं जातं. सगळ्या छोट्या कारखान्यांत हाउसकीपिंगचा पोरगा म्हणजे सगळ्यांचा पोऱ्या. मग सफाई होत नाही आणि भाऊ म्हणतो, बघ, सांगितलं नव्हतं? ड्रेनेज तुंबलं तर चेंबरमध्ये तर कोणालाही उतरवायचं नाही. सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं तर २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मशिनवाल्याला बोलवायचं.

आता मावशी.

तुम्ही लिहिलंत, त्या घरच्यासारख्या आहेत. रागावू नका, पण हे वाक्य मला पत्रातलं सगळ्यात अवघड वाटलं. घरच्यासारख्या आहेत, पण अकरा वर्षांत हजेरीपटावर त्यांचं नाव नाही. दहा माणसांपासून ईएसआय लागतं आणि विसांपासून पीएफ, तुमच्याकडे ३४ आहेत. अर्धवेळ कामाला हे लागू नाही असा बऱ्याच मालकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. उद्या ओल्या फरशीवर त्या घसरल्या आणि खुबा मोडला, तर ‘घरच्यासारखं’ म्हणून तुम्ही पैसे द्याल, यात मला शंका नाही. पण ते तुमच्या चांगुलपणावर अवलंबून राहील. ईएसआयचं कार्ड असतं तर तो त्यांचा हक्क असता.

त्यांना काढायचं की ठेवायचं, एवढे दोनच रस्ते तुम्हाला दिसतायत. त्यांना विचारलंय का कोणी? पूर्ण दिवस काम हवंय का, की दोन तासांनंतर त्यांची आणखी दोन घरं आहेत आणि ती त्यांना सोडायची नाहीत? बसून फडक्याने पुसताना गुडघे किती दुखतात? लांब दांड्याचा मॉप अकरा वर्षांत कोणी आणून दिला का? मी बेलापूरला असताना आमच्याकडच्या एका बाईंना मॉप ट्रॉली दिली, तेव्हा महिनाभर त्या ती वापरेनात. म्हणाल्या, उभं राहून पुसलं की काम केल्यासारखंच वाटत नाही. तेही होईल, धीर धरा.

तुमच्या जागी मी असते तर चव्वेचाळीसवाल्यांना दोनऐवजी एक शिकलेला माणूस वर्कशॉपसाठी पूर्ण दिवस मागितला असता, व्हॅक्यूमसकट. शिवाय महिन्यातून एकदा अर्ध्या दिवसाची त्यांची टोळी, केबल ट्रे, पंखे, एसीच्या जाळ्या, काचा आणि टॉयलेटमधले पाण्याचे डाग काढायला. नवा आकडा बरोब्बर निम्मा येणार नाही, कारण सुपरवायझर आणि मशिनचा खर्च तेवढाच राहतो. मावशी तयार असतील तर त्यांना पटावर घेऊन पूर्ण दिवस ऑफिस, पॅन्ट्री आणि टॉयलेटच्या तिन्ही फेऱ्या द्यायच्या. एजन्सीच्या प्रशिक्षणात पहिला आठवडा त्यांनाही बसवायचं, ही अट कोटेशनमध्येच घालायची. केमिकलच्या कपाटाची किल्ली मावशींकडे. त्यांना वाचता येत नसेल तर बाटल्यांवर रंगीत टेप लावा, अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग वेगवेगळ्या कप्प्यांत. दोघांचं मिळून चव्वेचाळीसच्या आसपासच जाईल, कदाचित थोडं वरही. पण त्यातला मोठा वाटा अकरा वर्षं तुमची जागा ओळखणाऱ्या बाईच्या हातात पडेल. त्यांना पूर्ण दिवस नको असेल, तर दोन तासांचंच काम ठेवा, पण पटावर, आणि एजन्सीचं दुसरं माणूस घ्या. त्या म्हणाल्या की आता होत नाही, तर अकरा वर्षांचा हिशेब नीट करून द्या. ग्रॅच्युइटीचा प्रश्नही तिथे येतो, सल्लागाराला विचारा.

भावाशी तीन महिन्यांचं बोला, कायमचं नको. पण त्याआधी आत्तापासूनच नोंदी ठेवायला लागा. टेस्टिंगमध्ये पॅनलच्या आत तार, कीस, धूळ किती वेळा सापडली. शनिवारचे किती तास गेले. वर्कशॉपमधल्या आजारपणाच्या रजा किती. साध्या वहीत. तीन महिन्यांनी त्याच तीन ओळी पुन्हा भरा. आकडे हलले नाहीत तर भाऊ बरोबर होता असं म्हणायची तयारी ठेवा, आणि एजन्सीला एक महिन्याच्या नोटिशीवर निरोप द्यायचं कलमही करारात घाला. मला वाटतं ते हलतील. पण माझ्या वाटण्यावर तो ऐकणार नाही, आणि त्याने ऐकूही नये.

एक मात्र आजच लिहून ठेवते, कारण तुम्ही हे उद्यावर टाकाल. मावशींशी बोलणं सकाळी नऊला, त्या कॉरिडॉरमध्ये बादली घेऊन वाकलेल्या असताना करू नका. त्यांचं काम संपल्यावर केबिनमध्ये बोलवा, भावाच्या समोरच्या खुर्चीवर बसवा, आणि चहा त्यांना करायला सांगू नका.